मिटल्या ओठांची ओ

माझी नात धारवाडला शिकते आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर अनोळखी माणसांशी भांडते. भांडणाचा विषय रातवा. आमच्या काळी बेळगावात छापली जाणारी ती चोवीस पानांची चित्रकथा होती. आता तिच्यावर नव्यानं मालिका निघाली आहे आणि खरी माणसं तो पोशाख घालून मोबाइलच्या पडद्यावर उड्या मारतात. नातीचं म्हणणं, मालिकेनं रातव्याचं वाट्टोळं केलं. तिच्या गटातल्या दुसऱ्या कुणाचं म्हणणं, पुस्तकाला पुस्तकाचे नियम आणि पडद्याला पडद्याचे. गेल्या सुट्टीत घरी आली तेव्हा मला म्हणाली, "आज्जी, पुस्तकातला रातवा कधीच कुणासमोर मुखवटा काढत नव्हता ना? हे लोक दर भागात काढतात. तू सांग, काढावा का?"

मी म्हटलं, "काढावा. पण हाक कोण मारणार, ते आधी ठरवावं."

म्हातारी चळली असं तिला वाटलं असणार. ती परत मोबाइलमध्ये तोंड घालून बसली. पण मला कंट्रोलर आठवले ते आठवलेच, आणि आता सांगितल्याशिवाय ते जायचे नाहीत.

कंट्रोलर म्हणजे जोयड्याच्या बस स्टँडवरचे. गाडी आली की लिहायचं, सुटली की लिहायचं आणि भोंग्यातून पुकारायचं, हे त्यांचं काम. स्टँडच्या टोकाला त्यांची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडं, एक माईक आणि टेबलाखाली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत रातव्याचे सगळे अंक. माणूस बारीक, चाळिशीचा, कायम नुकतीच आंघोळ केल्यासारखा ओलसर दिसणारा. आवाज मात्र त्या अंगाला न शोभणारा, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा खोल. भोंगा बिघडला तरी स्टँडभर ऐकू जायचा. नवीन माणसानं नाव विचारलं तर म्हणायचे, "कंट्रोलर म्हना. पुरतंय."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. नंदिगड्ड्याचं छोटं पोस्ट माझ्याकडे होतं, घराच्या पडवीतच. सकाळच्या गाडीनं टपालाची थैली घेऊन जोयड्याला यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं. मधले दोन तास स्टँडवर. दोन मुलांची आई, खांद्यावर थैली, आणि डोक्यात इतकी हवा की थैली नसती तर उडूनच गेले असते.

रातवा वाचायला कंट्रोलरांच्या खोलीत आम्ही तिघं जमायचो. मी, जीप चालवणारा सोमा, आणि तालुका कचेरीतला कारकून शिवलिंगप्पा, बोलताना कानडी 'री' जोडणारा. अटी होत्या. हात धुऊन यायचं. अंक खोलीबाहेर न्यायचा नाही. आणि वाचताना रातव्याचं दिवसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. चित्रकथेत तो दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि तेव्हा त्याला साधंसं नाव असतं. मुखवटा चढलेल्या पानावर ते नाव कुणी उच्चारू लागलं की कंट्रोलर बोट ठेवून ती ओळ झाकायचे. "त्याच्या अंगावर सोंग हाय आत्ता," म्हणायचे. "नाव नगं."

रातवा पक्षी आमच्या रानात सगळ्यांनी पाहिलेला, म्हणजे खरं तर न पाहिलेला. पाचोळ्यात बसला की पाय पडेपर्यंत दिसत नाही. चित्रकथेतल्या रातव्याची शक्तीही तेवढीच होती. तो हलला नाही की दिसत नसे. उडणं नाही, भिंती फोडणं नाही. चोर खोलीत येतो, इकडं तिकडं बघतो, हवं ते उचलतो, आणि शेवटच्या चौकटीत आपल्याला कळतं की कोपऱ्यातली खुर्ची रिकामी नव्हती.

मला तेव्हा वाटायचं, कंट्रोलर रातवा वाचून वाचून बिघडलेत. कारण दुपारी बाराला ते खुर्चीत बसत ते असे, की कंडक्टर कागद घेऊन आत येत, "कंट्रोलर न्हाईत की" म्हणून बाहेर जात, आणि मग आतून आवाज येई, "ठेव टेबलावर." एकदा मी स्वतः त्या खोलीत शिरले, कुणी नाही बघून दाराकडे पाठ केली आणि पोलक्यात गेलेलं कुसळ शोधत बसले. बराच वेळ शोधलं, सगळीकडं शोधलं. सापडल्यावर मान वर केली तर दोन हातांवर, टेबलापलीकडे, ते बसलेले. पापणी हलत नव्हती. मनगटावर पाल होती आणि तीही हलत नव्हती.

"गावलं न्हवं?" एवढंच म्हणाले.

आठवडाभर मी त्या खोलीची पायरी चढले नाही. मग रविवारी टीव्हीवर रातवा दिसला, आणि सोमवारी भांडायला जागा पाहिजे म्हणून चढले.

त्यांच्या आणखीही तऱ्हा होत्या. चहावाला रोज दोन ग्लास आणायचा. एक त्यांच्यापुढे, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्या खुर्चीत आम्ही कुणी बसायचं नाही, आमच्यासाठी बाकडं. तो दुसरा चहा कोणी पीत नसे. दूध घातलेला चहा, तासभर तसाच राहायचा, पण त्यावर कधी साय धरलेली मी पाहिली नाही. न्हाव्याकडे गेले की आरशावर वर्तमानपत्र टाकायला लावायचे. बोलता बोलता दोन बोटं कानाखालून हनुवटीपर्यंत फिरवायचे, कसली तरी कड सापडते का बघावी तशी. आणि गाडी वळणावर दिसायच्या आधीच ती पुकारायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कळतं कसं?" तर म्हणाले, "गाडीच्या आधी तिचं येनं येतंय, अक्का. माझं मलाच येईना, म्हनून दुसऱ्याचं ऐकू येतंय."

मी हसले. त्या वर्षी मी पुष्कळ हसले. मूर्ख बाईला हसायला बारा महिने सुगी असते.

त्याच वर्षी रातव्याची पहिली मालिका आली, दर रविवारी सकाळी. कुठल्या तरी दुसऱ्या भाषेत काढलेली आणि आमच्याकडे आवाज बदलून दाखवलेली. सोमवारची सकाळ म्हणजे मग खोलीत नुसता कालवा.

"जांभळा?" सोमा म्हणाला होता पहिल्याच सोमवारी. "पुस्तकात पाचोळ्याच्या रंगाचा हाय त्यो. जांभळं घालून पाचोळ्यात बसला तर आंधळी कोंबडी बी वळखील."

"टीव्हीवर पाचोळा कोण बघणार री?" शिवलिंगप्पा म्हणाला. "आणि अर्धा तास माणूस हललाच न्हाई तर? आमचा घरमालक सेट बिघडला म्हणून वरनं थापडा मारील."

"मग वाचा की. काढता कशाला?"

"आणि नट बघितलास का," मी म्हटलं. "काय हनुवटी आहे. असली हनुवटी मुखवट्याखाली झाकून काय तिचं लोणचं घालायचं?"

"अक्का, तुमी रातवा बगताय का हनुवटी?"

"दोन्ही."

खोटं. मी हनुवटीच बघत होते. वर्तमानपत्रातून त्या नटाचं चित्र कापून मी तिकिटांच्या खणात ठेवलं होतं. नवऱ्यानं एकदा खण उघडला आणि विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "वरचे साहेब." दर सोमवारी मी जांभळं लुगडं नेसून जोयड्याला जायचे आणि कुणाच्या ध्यानात येत नाही असं मला वाटायचं.

कंट्रोलर या भांडणात रंगावर बोलायचे नाहीत, उड्यांवरही नाही. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. मालिकेतला रातवा मुखवटा काढतो, तेव्हा पुढं काय होतं? हात कुठल्या बाजूनं लावतो? आधी तोंड धुतो का? बघणारं कोण असतं? हे ते इतक्या हळू आवाजात विचारायचे की सोमा आणि शिवलिंगप्पाही भांडण सोडून नीट उत्तर द्यायचे.

मग तो सोमवार आला. आदल्या दिवशीच्या भागात रातव्यानं भर बाजारात मुखवटा काढून आपलं नाव सांगितलं होतं. सोमा इतका तापला होता की त्यानं चहा घेतला नाही.

"संपला त्यो," तो म्हणाला. "राखणदारानं तोंड दाखवलं की संपला. आता त्यो घड्याळवाला नुसता."

"लोकांना कळायला नको का आत कोण हाय ते?" शिवलिंगप्पा म्हणाला.

"मुखवटा काढल्यावर," कंट्रोलर म्हणाले, "नावानं हाक कुनी मारली त्याला?"

"त्या पोरीनं," मी म्हटलं. "फुलंवालीनं."

"आनि ओ कुनी दिली?"

"त्यानंच. दिसलं की."

"त्यो दिसला. मी बी बगितलं काल. त्याचे ओठ मिटलेले व्हते, अक्का. ओठ मिटलेले असताना ओ आली."

शिवलिंगप्पा हसला. "डबिंग हाय री ते. माणूस एक, आवाज दुसऱ्याचा. थोडं मागं-पुढं होतंय."

"व्हय. आवाज दुसऱ्याचा." कंट्रोलरांची दोन बोटं जबड्यावरून फिरली. "आपली ओ दुसरा देतोय, हे त्या नटाला कुनी सांगितलं असंल काय पन?"

मला आता सहन होईना. "कंट्रोलर," मी म्हटलं, "मुखवटा म्हणजे पुठ्ठा. काढला की आत तोच माणूस, तेच नाव. उगीच भिववता कशाला?"

"तुमी कदी घालून काढलाय?"

"मी कशाला घालू? माझं तोंड चांगलं आहे."

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि गाडीची नोंद घ्यायला उठून बाहेर गेले. सोमा जीपकडे गेला, शिवलिंगप्पा कचेरीकडे निघाला. खोलीत मी एकटी.

आता माझ्या तोंडात काय होतं ते सांगते. महिन्यापूर्वी टपाल वेगळं करताना एका सरकारी पाकिटावर मी त्यांचं पूर्ण नाव वाचलं होतं. तेव्हापासून ते नाव मी गोळीसारखं चघळत होते. म्हटलं, आज दाखवतेच. नाव घेतल्यानं कुणाचं काही होत नाही. भांडण जिंकायचं होतं मला, दुसरं काही नाही.

माईकचं बटण दाबलं. खिडकीतून कंट्रोलर समोर दिसत होते, गाडीच्या पुढच्या चाकाशी, हातात कागद. उन्हं डोक्यावर होती. मी पुकारणाऱ्याचा आवाज काढला आणि त्यांचं नाव घेतलं. आधी पहिलं, मग बापाचं, मग आडनाव. भोंग्यातून ते साऱ्या स्टँडवर गेलं. म्हटलं, "जिथं असतील तिथून ओ द्यावी."

कंट्रोलर हलले नाहीत. त्यांचे ओठ मिटलेले मला दिसत होते.

ओ माझ्या मागून आली. खोलीतून, त्या दुसऱ्या खुर्चीतून, माझ्या मानेपासून हातभर अंतरावरून. त्यांचाच आवाज, तोच खोल. माईक चालू होता, म्हणून ती ओ भोंग्यातून बाहेर गेली आणि सगळ्यांनी ऐकली. सोमानं हात वर करून "काय ओ कंट्रोलर?" असं खोलीकडे बघून विचारलंही. आणि मग त्याला चाकाशी उभे असलेले कंट्रोलर दिसले.

मागे वळून मी बघितलं नाही. हे मी धाडसी बाई म्हणून मिरवायचे त्या दिवसांतलं.

बाहेर आले तेव्हा कंट्रोलर मातीत बसले होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अक्का," म्हणाले, "कोऱ्या कापडागत राखून ठेवलं व्हतं ते नाव. तुमी त्याला हात पुसलं."

मग त्यांनी सांगितलं. सोमा, शिवलिंगप्पा आणि मी, तिघं गाडीच्या सावलीत बसून ऐकत होतो.

त्यांचं गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या गावात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, राखणदार देवाचं सोंग निघायचं. गावातल्या एका बिनलग्नाच्या पोराला पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा चढवायचा. चढवला की तो पोर राखणदार. सण संपेपर्यंत त्याला नावानं हाक मारायची नाही, नाहीतर नाव राखणदाराकडे जातं आणि पोर नुसता उरतो. शेवटच्या दिवशी, सावली पायाखाली येते तेव्हा, त्याला मांडावर बसवायचं. मांड म्हणजे गावाची शिगम्याची जागा, चार दगडांची. आईनं तांदळाच्या धुवणानं मुखवट्यावरून हात फिरवायचा, मुखवटा काढायचा आणि पोराला नावानं हाक मारायची. पोरानं ओ दिली की राखणदार मांडावर राहिला आणि पोर जेवायला घरी आला. याला उतरवणी म्हणायचे.

त्या शेवटच्या शिगम्याला सोंग यांच्यावर होतं. अठरा वर्षांचे होते. उतरवणीच्या सकाळीच लॉऱ्या आल्या, धरणाची दारं बंद झाल्यानं पाणी चढायला लागलं होतं. कोंबड्या, भांडी, दाराच्या चौकटी, सगळं भरायचं होतं. मुखवटा तोंडावर तसाच ठेवून यांनी सामान भरलं. लॉरी सुटली. वर ऊन, खाली धूळ. घाम पुसायला म्हणून यांनी चालत्या लॉरीत आपल्याच हातानं मुखवटा काढला.

"आईनं बगितलं," ते म्हणाले. "माझं नाव तिच्या ओठावर आलं व्हतं. तिनं ते दातात धरलं. मांड कुठं व्हता लॉरीत?"

तेव्हापासून बावीस वर्षं त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती. रामनगरला नवी वस्ती झाली, नोकरी लागली, पण आई हाक मारायची ती "आयक रे" एवढीच. आरशात बघायचं नाही, कारण तिकडून कोण बघतंय याचा भरवसा नाही. पाणी कधी तरी उतरेल, मांड उघडा पडेल, आई हाक मारेल आणि मग कळेल आत कोण आहे ते, एवढ्यावर ते जगत होते. आता आई अंथरुणाला खिळली होती. जेवण सोडलं होतं. एकच म्हणत होती, एकदा नाव घेऊ दे, मग जाते.

"आनि आता ते नाव त्याला मिळालं," कंट्रोलर म्हणाले. "तुमच्याकडनं."

त्या दिवशी घरी जाऊन मी हनुवटीवाल्या साहेबांना चुलीत घातलं. जांभळं लुगडं धाकट्या जावेला दिलं. तिला अजून वाटतं, मी उदार होते.

पण त्यानं काय होणार होतं. चार दिवसांनी मी रामनगरला गेले, त्यांच्या आईसमोर बसले आणि केलेलं सांगितलं. म्हातारी म्हणजे वाळलेली शेंग. तिनं डोळे मिटूनच ऐकलं. मी म्हटलं, "मावशी, चुकले मी."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तू घेतलंस त्याचं नाव?"

"व्हय."

"सगळं? बापाच्या नावासकट?"

"व्हय."

"कसं वाटलं तोंडाला?"

तिनं डोळे उघडले.

"बेस वाटलं असंल," ती म्हणाली. "मीच ठेवलेलं हाय ते. बावीस वर्सं गिळते मी." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या बाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर आज मी हे लिहायला बसले नसते.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि मार्च संपता संपताच धरणाचं पाणी मागं हटायला लागलं. एरवी दर आठवड्याला रंगणाऱ्या आमच्या भांडणांत आता दम नव्हता. मालिका चालू होती, रातवा उड्या मारत होता, आणि सोमवारी आम्ही तिघं बाकड्यावर बसून त्या दुसऱ्या खुर्चीकडे न बघण्याचं काम करत होतो. कंट्रोलर गाड्या पुकारायचे. फक्त आता कधी कधी ते माईकपासून लांब असताना गाडी पुकारली जायची.

मे महिन्यात सोमा धावत आला. गणेशगुडीच्या पलीकडे प्रवासी सोडायला गेला होता. "मांडाचं दगड दिसतात," म्हणाला. "तीन दिसतात. चौथा घोट्याएवढ्या पाण्यात हाय."

दुसऱ्याच दिवशी निघालो. म्हातारीला सोमानं रामनगरहून जीपमध्ये घेतली, मागच्या बाकावर गादी टाकून. शिवलिंगप्पानं कचेरीत पोटदुखी कळवली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी तांदळाचं धुवण घेऊन जीपमध्ये बसले आणि मला कुणी उतरवलंही नाही.

पाणी उतरलेल्या जागी रान नसतं आणि गावही नसतं. काळ्या गाळावर भेगा, त्यांत कमरेएवढे खुंट उभे, सगळे एकाच उंचीवर तुटलेले. पाखरू नाही. पाणी पलीकडे स्वस्थ पडलेलं, लाट नाही की वास नाही. म्हातारीला सोमानं पाठीवर घेतलं. ती त्याच्या खांद्यावरून बघत सांगत होती, "हितं आमचं दार. हितं सांभाळून, हिर हाय." तिथं नुसता गाळ होता, तरी सोमानं वळसा घातला.

कंट्रोलर मांडाच्या मधे बसले. ट्रंकेतून, रातव्याच्या अंकांखालून आणलेला तो मुखवटा त्यांनी चढवला. जुनं लाकूड, रंग उडालेला, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. चढवल्याबरोबर ते दिसेनासे झाले असं मी म्हणणार नाही. पण दगड चार होते आणि मधे बसलेला माणूस आहे हे मला सारखं आठवावं लागत होतं. सावल्या पायाखाली गेल्या. शिवलिंगप्पा छत्री धरून उभा होता.

म्हातारीनं धुवण हातात घेतलं आणि मुखवट्यावरून हात फिरवला. कपाळ, डोळे, हनुवटी. मग दोन्ही हातांनी तो काढला. आतून कंट्रोलरांचं तोंड निघालं, घामानं भिजलेलं, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. बावीस वर्षं दातात धरलेलं नाव तिनं सोडलं.

ओ आली. खोल, स्पष्ट, गाड्या पुकारणाऱ्या आवाजातली. पाण्याकडून आली. कंट्रोलरांचे ओठ हलले नव्हते. शिवलिंगप्पानं माझा दंड धरला आणि कानाशी पुटपुटला, "हे डबिंग न्हवं, अक्का."

म्हातारीनं पाण्याकडे बघितलंही नाही. "तू न्हवं," ती म्हणाली, दारात आलेल्या शेजाऱ्याच्या पोराला सांगावं तसं. "तू बस थितंच. मी माझ्या लेकाला बोलीवते."

दुसऱ्यांदा हाक मारली. पुन्हा तीच ओ, या वेळी जवळून, चौथ्या दगडापाशी घोटाभर पाण्यातून. पाणी हललं नाही. मला वाटलं, संपलं, मी दिलेलं नाव आता त्याचंच झालं. सोमानं हात जोडले होते.

म्हातारी पुढं वाकली. लेकाचं तोंड तिनं ओंजळीत धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं, अगदी हळू, जेवायला उठवावं तसं.

कंट्रोलरांचे ओठ उघडले. आधी नुसता वारा आला. मग एक आवाज आला जो आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. पातळ, चिरका, मिसरूड फुटलेल्या पोराचा. "ओ, आवय," तो म्हणाला. म्हणजे इतकी वर्षं स्टँडवर गाड्या पुकारत होतं ते कोण, हे आम्हा तिघांना एकदमच कळलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

"ह्यो माझा," म्हातारी म्हणाली.

मुखवटा तिनं मांडावर ठेवायला लावला, गावाकडे तोंड करून. गाव नव्हतंच, पण तिनं बोटानं बाजू दाखवली. मग चढणीवर जीपपर्यंत तिला कंट्रोलरांनी स्वतः उचलून आणलं. सगळी वाट ती त्यांना हाका मारत होती. काही काम नव्हतं. नाव घ्यायचं, त्यांनी त्या चिरक्या आवाजात ओ द्यायची, तिनं "काय न्हाई" म्हणायचं आणि दोन पावलांनी पुन्हा नाव घ्यायचं. एकदा तिनं माझ्याकडे बघितलं. "बेस लागतंय तोंडाला," म्हणाली.

जीप सुरू झाली. पहिल्या वळणाच्या आधी तिनं परत हाक मारली. कंट्रोलरांनी ओ दिली. आणि मागून, लांबून, पाण्याच्या बाजूनं, तो खोल आवाज आला, त्याच नावाला. सोमानं गाडी थांबवली. कुणी मागं वळलं नाही. कंट्रोलरांचा हात जबड्याकडे गेला.

"आवय, त्यो अजून..." ते म्हणाले.

"आयकलं मी," म्हातारी म्हणाली. "ओ देऊ दे. त्याला हाक मारायला गावात आता कोन उरलंय?"

आणि तिनं खिडकीबाहेर तोंड काढून पुन्हा एकदा ते नाव घेतलं, या खेपेला थोडं मोठ्यानं, लांबवर पोचेल असं.